वाटे पाडणाऱ्या हरणाबाई

मराठीत तोडण्याची क्रियापदे पुष्कळ आहेत. लाकूड फोडतात, कापड फाडतात, सुपारी कातरतात, भाकरी मोडतात. या साऱ्या क्रियांत हात पुढे होतो तो हव्या असलेल्या तुकड्यासाठी. मागे राहिलेल्याचे काय झाले याची विचारपूस ती क्रियापदे करीत नाहीत. दुभागणे हे क्रियापद मात्र ती विचारपूस करते. एकाचे दोन झाले एवढ्याने त्याचे समाधान होत नाही; दोन्हींना आपापले पोट भरता यावे, इतकी काळजी त्याच्या अर्थातच असते. पाटाचे पाणी दुभागतात, दूध दुभागतात, काम दुभागतात. काच दुभागत नाही, ती दुभंगते. उन्हाने भेगाळलेली जमीन दुभंगते, मनेही दुभंगतात. कानाला हे दोन शब्द सख्खे भाऊ वाटले तरी त्यांची कुळे निराळी आहेत. एकाच्या मुळाशी मोडण्याचा भञ्ज् धातू आहे. दुसऱ्याच्या मुळाशी भज् आहे, आणि त्याचा अर्थ वाटून देणे असा आहे तसाच सेवा करणे असाही आहे. भाग, विभक्त आणि भक्त ही तिन्ही त्याचीच अपत्ये. वाटून देणे आणि सेवा करणे या दोन गोष्टी एकाच धातूच्या पोटी कशा आल्या, हे कोश चाळून कळत नाही. ज्यांनी वाटून देण्याचे काम आयुष्यभर सेवेसारखे केले अशी माणसे पाहिली म्हणजे ते थोडेफार उमगते.

हरणाबाईंना अक्षरओळख नव्हती. दुभागणे हा शब्दही त्यांच्या तोंडी नसे. त्या 'वाटे पाडायचं' म्हणत. सातारा जिल्हा दुभागून त्याचा दक्षिणेकडचा भाग निराळा झाला आणि त्याला पुढे सांगली हे नाव मिळाले, त्या दोन जिल्ह्यांची शीव ज्या उघड्या माळावरून जाते तेथेच त्यांचे गाव. सासर साताऱ्याच्या हद्दीत, माहेर तीन कोसांवर सांगलीच्या. दोन्ही बाजूंच्या गावांत भाऊ वेगळे व्हायचे ठरले की शेताच्या वाटणीला पंच बसत; पण घरातल्या वस्तूंपाशी पंचांची मती खुंटे. हंडा कुणाचा, परात कुणाची, कणगीतले बियाणे कुणाचे, यावर शेताहून अधिक डोकी फुटत. मग कुणीतरी म्हणे, "हरणामावशीला बोलवा."

ही विद्या त्यांना गरजेने शिकविली. नवरा पलटणीत होता, तो ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पडला तेव्हा हरणाबाई तिशीच्या होत्या आणि कडेवर मुलगी होती. वर्षभरात दोन्ही दिरांनी वेगळे व्हायचे काढले. सासरे जुन्या वळणाचे गृहस्थ. ते म्हणाले, "वाटे हरणा पाडंल. मात्र उचलताना ती शेवटी उचलंल." हरणाबाई दोन दिवस अंगणात भांड्यांपुढे बसून राहिल्या. दोघे दीर उचलून गेल्यावर जो राहील तो आपला. म्हणजे एकही वाटा हलका ठेवून चालणार नव्हते. तिसऱ्या दिवशी दोघा दिरांनी आपापले वाटे उचलले, आणि उरलेला वाटा पाहून गावातल्या बायका म्हणाल्या, मेल्यांनी चांगला तोच ठेवला की. खरे पाहता तिन्ही वाटे तसेच होते.

पुढे तीस वर्षे परक्या घरी जाऊनही त्यांनी हीच रीत पाळली. घरातले सारे सामान उजेडात अंगणात काढायला लावीत. तराजूला हात लावीत नसत. कान फुटलेल्या घागरीबरोबर धड पितळी तांब्या, जुन्या घोंगडीबरोबर नवी पाटी, असे लावीत लावीत दोन ओळी मांडीत आणि मग त्या ओळींभोवती सावकाश फिरत. शेवटचा वाटा आपल्यालाच उचलायचा आहे, असे मनाशी धरीत. मन एका ओळीकडे झुकले की तिकडची एखादी पळी उचलून इकडे ठेवीत. ते झुकायचे थांबले की म्हणत, "झालं. धाकट्यानं आधी उचलावं." दक्षिणा घेत नसत. त्या घराच्या एकत्र चुलीवरची शेवटची भाकरी मात्र घरच्या सर्वांबरोबर बसून खात. आणि उठताना एकच वाक्य बोलत : "उचलल्याला वाटा फिरत न्हाई." त्या वाक्याला त्या मुलुखात पंचांच्या सहीहून अधिक मान होता.

आणखी एक नेम त्यांनी स्वतःशी बांधला होता. जी वस्तू अखंड असली तरच कामाची, ती वाटायची नाही, पाळीने वापरायची. विहीर, वाट, खळे आणि जाते. हा नेम त्यांच्या हातून एकदाच मोडला.

१९७० च्या उन्हाळ्यात शेजारच्या गावातून बोलावणे आले. घर लालासाहेब आणि आकाराम या दोन भावांचे. थोरले लालासाहेब सैन्यातून हवालदार होऊन परतले होते. धाकटा आकाराम जन्मभर मातीतच राबला होता. त्यांची आई मनुबाई सत्तरीची. सकाळी बसलेल्या हरणाबाई दुपार कलली तरी अंगणातच होत्या, कारण मांडलेली प्रत्येक ओळ दोघांपैकी एकाला खटकत होती. अखेर सारे जुळले. उरले ते जाते.

"जातं सोप्यात हाय तिथंच राहू द्या," हरणाबाई म्हणाल्या. "दोघी जावांनी पाळीनं दळावं."

"सोपा माझ्या वाट्यात आलाय," लालासाहेब म्हणाले. "ह्याची बायको रोज पहाटं माझ्या सोप्यात येऊन बसणार व्हय?"

"मग माझ्याकडं द्या," आकाराम म्हणाला. "गिरण आल्यापास्नं वैनी कवा बसल्यात जात्यावर? त्यांच्या हाताला फोड येत्यात."

"माझ्या बायकोचं हात काढू नगंस."

"मी हात न्हाई काढलं. फोड काढलं."

जमलेली माणसे हसली. लालासाहेब हसले नाहीत. ते हरणाबाईंकडे वळले. "मावशी, तुमी दोन सारखं करता म्हणून मुलूखभर नाव हाय तुमचं. जात्याला तळ्या किती? दोनच न्हवं? वरची एकाला, खालची एकाला. ह्यात अडतंय कुठं?"

"पलटणीत असलंच शिकिवत्यात काय रं?"

"पलटणीत हिस्सा म्हंजे हिस्सा."

"द्या मला वरची," आकाराम म्हणाला. "माझ्याकडं दळान न्हाई झालं तर न्हाई. ह्याच्याकडं तरी व्हायला नगो."

गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणाले, "मावशीला आज अडलं म्हनायचं."

ते वाक्य हरणाबाईंना लागले. दिवसभराचे ऊन डोक्यात होते, आणि इतक्या वर्षांत असे कुणी म्हटले नव्हते. त्यांनी विचार केला, गावात इंजिनाची गिरण आली आहे. जाते आता लग्नाच्या हळदीपुरते. त्याचे दोन झाले तर कुणाच्या तोंडचा घास जातो? "घ्या मग," त्या म्हणाल्या. "वरची आकारामाला, खालची लालासाहेबाला."

दिवसभर उंबऱ्याशी बसलेली मनुबाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "आन खुंटा?"

"खुंटा वरच्या तळीसंगं जाईल, आई," आकाराम म्हणाला.

मनुबाईने मान हलविली. मग आईने एक महिना थोरल्याकडे आणि एक महिना धाकट्याकडे राहावे असे ठरले. त्या दिवशी दोघा भावांचे तेवढ्या एका गोष्टीवर चटकन एकमत झाले. हरणाबाईंनी शेवटची भाकरी खाल्ली, नेहमीचे वाक्य म्हटले आणि त्या घरी आल्या. लवकरच अंगणातून भिंत उठली.

पुढे दोन वर्षांनी दुष्काळ पडला. माळावर गवताची काडी राहिली नाही, गुरे छावणीवर गेली, माणसे खडी फोडायला आणि बांध घालायला सरकारी कामावर गेली. रेशनवर मिलो हा परदेशी लाल जोंधळा मिळे, तोच शिजवायचा, त्याचीच भाकरी करायची. साठीला आलेल्या हरणाबाईही घमेले घेऊन बांधाच्या कामावर जात. तेथे एके दुपारी, भाकरीच्या सुट्टीत, आकारामाची बायको अंजना त्यांच्याजवळ येऊन बसली. अंजना बोलायला मोकळी होती, पण त्या दिवशी बराच वेळ तिने फडक्याची गाठही सोडली नाही.

"खा की गं," हरणाबाई म्हणाल्या.

"मावशी, आमच्या आत्याबाई भाकरी खात न्हाईत." सासूला ती आत्याबाई म्हणत असे.

"दात गेलं असतील. कुस्करून दे."

"कुस्करून दिली. ताकात न्हाई तर पाण्यात भिजवून दिली. हात लावत न्हाईत."

"कवापास्नं?"

"वाटण्या झाल्या तवापास्नं."

हरणाबाईंच्या हातातला घास थांबला. "दोन वरसं? आन मग जगली कशावर?"

"म्हस होती तवर दुधाताकावर. मऊ भातावर. एक महिना आमच्याकडं, एक महिना तिकडं; आमाला वाटायचं तिकडं खात असतील, त्यास्नी वाटायचं आमच्याकडं खात्यात. आता म्हस छावणीत, तांदूळ दिसंना. मिलोच्या घुगऱ्या चावत न्हाईत. नुस्त्या हाडाच्या राहिल्यात, मावशी."

"इचारलं न्हाईस का?"

"चार दिसांमागं इचारलं. म्हनल्या, गिरणीचं पीठ मी जल्मात खाल्लं न्हाई, जळकं लागतंय. म्हनलं, शेजारनं दळून आणते. तर म्हनल्या, माझ्या लग्नाची हळद त्या जात्यावर दळली, दोन्ही पोरांची दळली. पन्नास वरसं त्येच्याच पिठाची भाकरी खाल्ली. त्येचं दोन केलं, तवाच माझी भाकरी सपली. कुणाला सांगू नगंस, म्हनल्या." अंजनाने पदराने तोंड पुसले. "तुमाला सांगू का नगो, तीन दिस इचार करत हुते."

 उरलेली भाकरी हरणाबाईंनी फडक्यात परत बांधली.

त्यांच्यापुढे प्रश्न उभा होता तो केवळ एका जात्याचा नव्हता. उचललेला वाटा फिरत नाही, या एका वाक्यावर साठ घरांतली शांतता उभी होती. एक वाटा फिरला की दुसऱ्या घरचा माणूस दारात येऊन म्हणेल, आमचाही फिरवा. लालासाहेबांच्याच गावचे नाथाजी चार वर्षे पुटपुटत होते की धाकट्या भावाला बियाण्याची मोठी कणगी गेली. त्यांना एवढे निमित्त पुरे होते. तीस वर्षांचा शब्द एका दिवसात हलका होणार, हे हरणाबाईंना स्वच्छ दिसत होते. आणि न फिरवावा, तर एक म्हातारी बाई मुकाट्याने सरून जाणार होती, तेही त्यांच्या हातून झालेल्या कामाने. दोन दिवस त्या कामावर गेल्या, घमेली वाहिली. तिसरा दिवस कामाच्या सुट्टीचा. सकाळी ऊन वर येताच त्या शेजारच्या गावी जायला निघाल्या.

लालासाहेब दारातच होते. खालची तळी त्यांच्या परड्यात पडली होती आणि तिच्यावर धुणे आपटले जात होते.

"ही तळी मला द्या," हरणाबाई म्हणाल्या.

"तुमाला? कशापायी?"

"मी चुकले म्हणून. जात्याचं वाटे पाडायचं नसत्यात, हे मला ठावं हुतं. तरी पाडलं."

लालासाहेबांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिले. "म्हंजे समदी वाटणी फिरवणार काय?"

"समदी न्हाई. येवढंच."

"उचलल्याला वाटा फिरत न्हाई, असं तुमीच म्हनला हुता. भर अंगणात."

"म्हनले हुते."

"मग आता लोकांस्नी काय सांगू?"

"सांगा, हरणाबाई चुकली. माझ्या नावावर सांगा. तुमची आई दोन वरसं भाकरीबिगर हाय, लालासाहेब. तुमाला ठावं न्हवतं, त्यात तुमचा दोष न्हाई. आता ठावं झालं."

 त्या महिन्यात आई धाकट्याकडे होती. भिंतीपलीकडून तिच्या खोकण्याचा आवाज येत होता. "मी त्येच्या दारात तळी घेऊन जायचा न्हाई," लालासाहेब अखेर म्हणाले.

"तुमाला कोण जा म्हनतंय? मी नेते."

त्यांनी चुंबळ केली, लालासाहेबांच्या बायकोने हात लावला आणि ती तळी साठीच्या बाईच्या डोक्यावर चढली. दोन दारांमधले अंतर पंचवीस पावलांचे. वाटेत एकदा त्यांनी तळी जोत्यावर उतरविली आणि श्वास घेतला. गल्लीतली माणसे दारांत येऊन उभी होती. नाथाजीही त्यांत होते. कुणी पुढे झाले नाही, कारण कुठल्या भावाच्या बाजूने पुढे व्हायचे हे कुणालाच कळेना. भिंत जिथे रस्त्याला भिडून संपते, तेथे दोन्ही दारांच्या मध्ये वळचणीखाली हरणाबाईंनी तळी ठेवली. आकाराम बाहेर आला होता. झालेले सारे बोलणे त्याने भिंतीपलीकडून ऐकले होते.

"तुझी बी आण," त्या म्हणाल्या.

"माझ्या सोप्यात ठेवा की."

"न्हाई. न तुझ्या सोप्यात, न त्याच्या. हितं ऱ्हाईल."

आकाराम आत गेला नाही. वरची तळी अंजनाने आणली, कडेवर मूल घ्यावे तशी. खुंटा तिच्या कमरेला खोचलेला होता.

दोन्ही तळ्या एकमेकींवर ठेवल्या तेव्हा त्या बसेनात. खालची धुण्याने गुळगुळीत झाली होती. वरची दोन पावसाळे पन्हळीखाली पडून कडेला झिजली होती. हरणाबाई बांधाच्या कामापाशी उतरलेल्या वडारांच्या पालांवर गेल्या आणि दगड घडविणाऱ्या एका वडाराला संध्याकाळच्या आत घेऊन आल्या. त्याने दोन्ही तळ्यांना टाकी लावली. तो म्हणाला, "पीठ पयल्यासारखं पडायचं न्हाई. भरड पडंल."

"पडू द्या," हरणाबाई म्हणाल्या.

मनुबाईला दोघी सुनांनी धरून बाहेर आणले. तिने जात्याकडे पाहिले, मग हरणाबाईंकडे.  जात्याशी बसली, खुंट्यावर हात ठेवला, आणि तिच्या हातावर हात ठेवून अंजनाने जाते ओढले. मिलोचे लालसर भरड पीठ कडेने पडू लागले. त्याची भाकरी जाड झाली, तव्यावरच तडकली. म्हातारीने पाण्यात भिजवून अर्धी खाल्ली. हरणाबाईंना कुणी जेवायला बसा म्हटले नाही आणि त्याही थांबल्या नाहीत.

भावांची भिंत तशीच राहिली. ते एकमेकांशी बोलले नाहीत. आईच्या मर्तिकाला मात्र दोघांनी एकत्र खांदा दिला. ती जाते पुन्हा जुळल्यावर दीड वर्षाने गेली, आणि तोवर रोज भाकरी खात होती. तिच्यासाठीचे दळण दोघी जावा वळचणीखाली पाळीने दळीत.

हरणाबाईंना जे भय होते ते खरे ठरले. आठवड्याच्या आत नाथाजी दारात आले.

"मावशी, आमचा बी वाटा फिरवा."

"चला," त्या म्हणाल्या. त्यांच्या घरी गेल्या, दोन्ही भावांच्या कणग्या उघडायला लावल्या, बियाणे हातात घेऊन उन्हात पाहिले, पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, "हितं मी चुकले न्हाई."

"तिकडं चुकला, मग हितं न्हाई हे कशावरनं?"

"तिकडं चुकले हे मी सांगितलं. हितं चुकले असते तर हे बी सांगितलं असतं."

नाथाजी गेले, पण गावात बोलायचे ते बोलत राहिले. बोलावणी कमी झाली. एकदा चूक कबूल केलेल्या माणसाला पुन्हा न्यायाला बसवायचे म्हणजे जोखीम, असे लोकांना वाटू लागले. पुढल्या चार वर्षांत त्यांना तीनच घरांनी बोलाविले. त्या गेल्या, उजेडात सामान काढायला लावले, ओळींभोवती फिरल्या. उठताना ते जुने वाक्य मात्र पुन्हा त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नाही. त्याऐवजी त्या म्हणत, "काय चुकलं असंल तर मला येऊन सांगा."

१९७७ च्या माघात, चार दिवसांच्या तापाने, सांगलीला मुलीकडे त्या वारल्या. शेवटच्या दिवसांत त्या तापातच बोटांनी गोधडीवर काहीतरी इकडचे तिकडे ठेवीत होत्या, असे मुलगी सांगते.

कुठल्याही वाटणीपत्रावर त्यांचा अंगठा नाही. तेथे पंचांच्या सह्या आहेत. त्यांचे छायाचित्र कुणाकडे नाही. राहिले आहेत ते त्यांनी पाडलेले वाटे, दोन्ही जिल्ह्यांत मिळून साठाच्या वर घरांत. त्यांतला एकच फिरला, आणि तो त्यांनी स्वतः फिरविला.